सोडलेली जिलबी

आई, तुझ्यावरचा राग मी तीस वर्षं सांभाळलाय, आज तो सांगूनच टाकते. रिछाईच्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि पहिल्या पगाराच्या दिवशी मी तुझ्यासाठी पाव किलो खोव्याची जिलबी आणली. काळसर, जाड, पाकानं जड झालेली. जबलपुरात तुझा जीव कशावर असेल तर तो तिच्यावर. सायकल अंगणात तशीच टाकून मी स्वयंपाकघरात धावले. तू कणीक मळत होतीस. पुडा पाहिलास, हात धुतलेस आणि तो देवापुढे नेऊन ठेवलास. ''तुला नोकरी लागावी म्हणून सोडली ना मी जिलबी. आता काहून खाऊ? बोललेलं मोडलं, तर ज्याच्यासाठी बोललो त्याच्यावरच येते ते.''

मग मी खाल्ली, बाबांनी खाल्ली, आणि तू आमच्याकडे समाधानानं बघत बसलीस. ते समाधान मला अजून सहन होत नाही. नोकरी मला माझ्या अभ्यासानं लागली होती, तुझ्या जिलबीनं नाही! पुढे माझ्या लग्नासाठी तू आंबा सोडलास, बाळंतपणासाठी चहा. आमचं काही चांगलं झालं की तुझ्या ताटातून एक पदार्थ कमी. तुला पुण्य लागलं असेल, मला मात्र तुला खाताना पाहायचं होतं. तेवढं तू मला कधी दिलं नाहीस.

आणि तरी, गेल्या महिन्यात तुझी नात डेंग्यूनं हॉस्पिटलात होती, ताप उतरेना, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मीही बोलले: हिला बरं कर, मी खोव्याची जिलबी सोडली. तुझीच लेक ना मी.

ती बरी झाली. आज पहिल्यांदा घराबाहेर पडली आणि नेमकी तीच जिलबी घेऊन आली. तिला यातलं काही माहीत नाही. ''खा ना मम्मी, गरम है. तुझ्यासाठीच तर गेली होती मी!'' पुडा पुढे धरून ती उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर मला तेव्हाची मी दिसले. मी देवाकडे पाहिलंही नाही. उभ्या उभ्या दोन खाल्ल्या, पाक मनगटापर्यंत ओघळला. ती खूश होऊन हसत सुटली. तुला राग यायचा तर येऊ दे. माझा शब्द मी मोडला आणि पुन्हाही मोडेन.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एवढं लिहिते. जिलबी खाल्ल्यापासून मी तिच्या कपाळाला चार वेळा हात लावून पाहिलाय.