फलकावर नऊ नावं

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्या. ६.४०
नववं नाव लिहिताना स्टूल डगमगलं. एक जण धरायला आला, पण धरायचं सोडून वाचत उभा राहिला. तिथंच कळलं, विषय पेटणार.
आष्ट्याच्या चौकातला मंडळाचा वार्ताफलक अठरा वर्षं मीच लिहितो. निधन, अभिनंदन, पाणी किती वाजता. आज वेगळं. ‘आपल्या मुलींचा खो-खो संघ, सन २०३१.’ खाली नऊ नावं. सगळ्या आज अकरा ते तेरा वर्षांच्या. पुढचं ओळखण्यातच कस.
आधार: माझी वही. सहा आठवड्यांचं निरीक्षण. (प्रत्यक्षात चार सकाळी. चहाच्या गाड्यावरून. पण बारकाईनं.)
पहिलं नाव पूजा. राजवर्धनची, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. यात नातं नाही. दोनदा तपासलं.
घरी आमची ही म्हणाली, २०३१ ला तुमचं वय किती असेल तेही खाली लिहा. 

४ नोव्हेंबर
प्रतिसाद प्रचंड. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकापेक्षा चर्चा जास्त.
अंबूबाई पेढे घेऊन आल्या. त्यांची नात पाचव्या नंबरवर. नोकरी कुठल्या खात्यात लागणार, विचारत होत्या. मी समजावलं, आजी, हा अंदाज आहे, निवड नव्हे. त्या म्हणाल्या, “फलकावर आमचं मालक गेल्याचं लिवलं, तवा ते गेलंच हुतं की.”
 पेढे ठेवून घेतले.

५ नोव्हेंबर
संकल्प: उद्यापासून साडेपाचला ग्राउंडवर. जबाबदारी वाढली आहे.

६ नोव्हेंबर
दव फार होतं. दवात खेळाडूचा खरा वेग कळत नाही.

७ नोव्हेंबर
उदयसिंह सर दुकानात आले. लष्करातले माजी हवालदार. फुकट शिकवतात मुलींना. त्यांचं म्हणणं, नऊपैकी चौघी धावायलाच येत नाहीत. विचारलं तर सांगतात, आमचं सिलेक्शन झालंय. फलक पुसा, म्हणाले.
पुसला नाही. तत्त्वाचा प्रश्न. शिवाय मिलिटरीच्या माणसाला लांबचं दिसत नाही. ते पंधरा तारखेच्या साताऱ्याच्या स्पर्धेतच अडकलेत.

८ नोव्हेंबर
दुपारी सबा आली. रमजान टेलरची थोरली, बारा वर्षांची. स्पर्धेच्या फॉर्मसाठी आधार कार्डाची झेरॉक्स. सुटे पैसे दिले आणि तिथंच उभी. मग म्हणाली, “काका, माझं नाव न्हाई?”
मी म्हणालो, उंची कमी पडते बाळा. पोलवर लांब झेप घ्यावी लागते.
ती बरं म्हणाली आणि गेली.
प्रसंग नीट हाताळला.

१० नोव्हेंबर
सकाळी रमजान. बावीस वर्षांची ओळख. माझ्या सगळ्या पँटी त्याच्याच हातच्या. हातात मापाची वही. दसऱ्याच्या आधी संघाच्या ट्रॅक पँटी त्यानंच शिवल्या होत्या. पान उघडून काउंटरवर ठेवलं. तिथं सगळ्या मुली, नावानिशी.
“उंची मी मोजतो, भाऊसो. तुमच्या पूजापेक्षा दोन इंच जास्त हाय.”
मी म्हणालो, उंची हा एक निकष झाला. दुसरंही असतं. जिगर वगैरे.
जिगरीचं माप माझ्याकडं नाही, म्हणाला. वही मिटली. गेला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं झालं असतं.

११ नोव्हेंबर
ही रोजनिशी कोणी वाचत नाही. तेव्हा लिहून टाकतो.
निरीक्षण-वही, पान सात. पूजासमोर: ‘घरचा पाठिंबा भरपूर.’ सबासमोर: ‘वेग उत्तम. पोल सगळ्यांत चांगला. घरचे नववीनंतर पाठवणार नाहीत.’ आणि नावावर काट.
हे मला कोणी सांगितलं? आठवायचा प्रयत्न केला. कोणीच नाही. मी विचारलंही नाही.
अर्थात अंदाज म्हटलं की सगळ्या गोष्टी धराव्या लागतात. परिस्थिती धरावी लागते.
हे वाक्य तीनदा वाचलं. तिन्ही वेळा अक्षर तेवढं चांगलं वाटलं.

१२ नोव्हेंबर
सबा तीन दिवस ग्राउंडवर नाही. उदयसिंह सर म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले.

१३ नोव्हेंबर
उपाय सापडला. दहावं नाव! पण मैदानात नऊच. मग कोणाचं काढायचं? अंबूबाईंच्या नातीचं काढावं, तर पेढे खाल्लेत. पूजाचं काढावं, तर भावजय.
दुपारी चौकात गर्दी नसताना स्टुलावर चढलो आणि खाली लिहिलं: ‘राखीव: सबा.’
उतरून लांबून पाहिलं. आधी नाव नव्हतं तेच बरं होतं. पुसायला हात वर केला, तेवढ्यात समोरून शबाना भाभी येताना दिसल्या. रमजानची बायको. मी फलकाची धूळ झटकल्यासारखं केलं. त्यांनी वाचलं. नमस्कार केला. पुढं गेल्या.
राखीव पुसायचं राहिलं.

१५ नोव्हेंबर, सातारा
संघाबरोबर आलो. मार्गदर्शक म्हणून. (टेम्पोत जागा होती.)
पहिल्याच सामन्यात बाहेर. पहिल्या तुकडीत पूजा पळायला उतरली आणि मी घड्याळ लावलं. एकोणीस सेकंदांत बाद. पाठलागाच्या पाळीत पोलपाशी वळताना चार वेळा तरी आमच्या मुलींचा हात हवेत गेला. तिथं कोण हवं होतं, हे मैदानात खाली बसलेल्या मुलींनाही कळत होतं. दोघी बोलून दाखवत होत्या.
परतताना राजवर्धन म्हणाला, बरं झालं, एकदाचं संपलं. पुढच्या वर्षी पूजा नववीला. क्लास लावायचा. खो-खो बंद.
मी म्हणालो, फलकावर पहिलं नाव आहे तिचं.
तो म्हणाला, “दादा, पोरीच्या जातीला कुठवर नाचवायचं?”
टेम्पोत सगळे होते. उदयसिंह सरही. मी खिडकीबाहेर ऊस बघत राहिलो.
वही आणली होती. उघडली नाही.

१७ नोव्हेंबर
संकल्प: रमजानकडं जाऊन स्पष्ट माफी मागायची. आजच.
दुपारी डोकं जड होतं.

१८ नोव्हेंबर
गेलो. नुसतं कसं जायचं, म्हणून एक पँट घेतली. कंबर सैल करायची, म्हणालो. कंबर व्यवस्थित होती. रमजाननं टेप लावला, आकडा बघितला आणि काही न बोलता पँट बाजूला ठेवली.
भाभी शर्टाला बटणांची काजं करत बसल्या होत्या. मी विचारलं, सबा दिसत नाही ग्राउंडवर.
रमजान म्हणाला, सांगलीच्या क्लबात घातली. परवापासून. पहाटे पाच पन्नासची एसटी. तो स्वतः नेणार, सरावभर तिथं बसणार, नऊपर्यंत परत येऊन दुकान उघडणार. रोज. कधीपर्यंत, विचारलं. ती खेळते तोवर, म्हणाला.
मग टेप गळ्यात टाकत म्हणाला, “घरी येऊन विचारलं असतंत, तर एवढंच सांगितलं असतं.”
मी म्हणालो, “नाही, मला वाटलं, तुमच्यात...”
“आमच्यात काय?”
रागानं नव्हे. पुढचं माप काय, असं विचारतात तसं.
 भाभींच्या हातातली सुई थांबली होती, ती परत चालू झाली. पँट कधी नेऊ, विचारलं आणि निघालो.
कान अजून गरम आहेत.

१९ नोव्हेंबर
संकल्प, शेवटचा: जे फलकावर चुकलं ते फलकावरच दुरुस्त करायचं. जाहीर. मसुदा तयार केला. ‘२०३१ चा संघ रद्द. सबाबद्दलचा अंदाज न विचारता बांधला होता. चूक माझी. भाऊसो.’ चार ओळी. सुटसुटीत.
चारला ओलं फडकं घेऊन सगळा फलक पुसला. नऊ नावं आणि राखीव. खडू हातात घेतला, तेवढ्यात मंडळाचा पोरगा पळत आला. वरच्या गल्लीतले केरबा गेले. साडेसहाला माती.
फलक एकच. निधन लिहिलं. मोठ्या अक्षरात. खाली थोडी जागा उरली होती, पण निधनाखाली असलं काही लिहिणं शोभत नाही.
घरी येताना हलकं वाटत होतं. केरबांच्या दारावरून जाताना ते लक्षात आलं. मान खाली घालून गेलो. लोकांना वाटलं, दुःख.
फलकावर नाही तर नाही. उद्या सकाळी स्टँडवर जाऊन तोंडानं सांगणार. दोघांनाही. वाक्य पाठ केलं आहे.

२० नोव्हेंबर
साडेचारलाच उठलो. पाच चाळीसला स्टँडवर. सांगली गाडी लागली होती. सबा खिडकीशी, मांडीवर बॅग. रमजान शेजारी. त्यानं मला बघून हात केला. मी खिडकीखाली गेलो. कुठं निघालात, विचारलं.
सांगलीला, म्हणाला.
मी बरं म्हणालो.
गाडी आठ मिनिटं उशिरा सुटली. तेवढा वेळ मी तिथंच उभा होतो.