सातव्या फोटोतली दोरी

जामनगर,
१६ जानेवारी

प्रिय मोटीबेन,

जय श्रीकृष्ण. मी मजेत आहे. बाचा गुडघा कसा आहे, टीनूचा खोकला गेला का, कळव. जीजाजींना नमस्कार. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ओरडतेस, मी तिसऱ्याला फोन ठेवतो आणि मग बा रडते. म्हणून लिहितोय. शेजारच्या रसिलाबेनचे मिस्टर संध्याकाळच्या बसने भुजला येताहेत, त्यांच्या हाती पाठवतो. बाला वाचून दाखवू नकोस. निदान आधी स्वतः वाच, मग ठरव.

सगळं बदललं ते मुक्ताफईने सातव्या फोटोवर काठी टेकवली तेव्हा.

आता नीट सांगतो. कमुरता लागला की संक्रांतीपर्यंत लग्नं बंद, आणि लग्नं बंद म्हणजे वजुभाईंचा स्टुडिओ पण बंदच. कॅमेरे पुसायचे आणि चहा प्यायचा. आपल्या समाजाची लग्नाची वाडीही त्या दिवसांत रिकामी पडलेली असते, म्हणून वजुभाई म्हणाले, "तुझी ती पाखरं लावून टाक तिथे भिंतीवर. फुकट हॉल आहे, लोक येतील, स्टुडिओचं नाव होईल." मी तयारच होतो. गेल्या जानेवारीपासून मी दर महिन्याला एक असे बारा फोटो काढले होते, सगळे एकाच जागेवरून, स्टुडिओच्या गच्चीवरून, ऊन यायच्या आधी. डावीकडे तलाव, मागे पाण्यातला जुना किल्ला, कोठा, उजवीकडे खाली गावाच्या गच्च्या. जागा तीच, बदलायचा तो ऋतू आणि पाखरं. तू मला अर्धवट म्हणतेस. कॉलेज अर्धं सोडलं, तबला अर्धा सोडला, मोटारसायकलसुद्धा अर्धी रंगवून ठेवली आहे. पण हे वर्ष मी पुरं केलं. एक महिना चुकवला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

हिवाळ्यातलं काम सोपं. कुरव आलेले असतात, लोक सकाळी पाळीवर उभे राहून गाठिया उडवतात, पाखरं हवेतच झेलतात, कसाही कॅमेरा धरला तरी फोटो येतो. खरी परीक्षा मार्चनंतर. कुरव एका आठवड्यात निघून जातात आणि तलाव लग्न आटोपल्यावरच्या मांडवासारखा दिसतो. एप्रिलमध्ये पाणी मागे सरतं, चिखलावर चार शेकाटे. मे महिन्यात मी वीस सकाळी उभा राहिलो तेव्हा कुठे एक पाणकावळा पंख पसरून बसलेला मिळाला. जूनमध्ये गायबगळ्यांच्या डोक्यावर केशरी रंग चढतो. जुलैमध्ये चातक. पुढे भोरड्या येतात, पहाटे झाडांतून सुटतात तेव्हा आभाळात कोणी शाल झटकावी तशा. आणि ऑक्टोबरात पहिला कुरव परत.

तर वजुभाईंनी बाराही फोटो एका ओळीत, महिन्यांच्या क्रमाने टांगले. पहिल्या दिवशी दुपारी गर्दी होती. कमुरत्यात लोकांना दुसरं काय काम असतं? मुक्ताफईला तू ओळखतेस, वाडीत काहीही असो, पहिली खुर्ची तिची. ती एकेका फोटोपुढे उभी राहत आली आणि मोठ्याने म्हणाली, "पाखरं बदलतात रे, पण हसुभाईची पोरगी सगळीकडे आहे."

लोक हसले. पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. मार्चपासून पुढे प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात हसुभाईंची गच्ची होती आणि गच्चीवर दोरीपाशी अमी. हसुभाई म्हणजे ब्रासच्या कारखान्याचे, पाळीवरचं पिवळं घर. कुठे ती कपडे झटकतेय, कुठे चिमटा तोंडात धरलाय. फईची काठी जुलैच्या फोटोवर आली. चातक दोरीच्या लोखंडी खांबावर बसलाय, झिमझिम पाऊस आहे, आणि पाठमोरी अमी ओढणी डोक्यावर घेऊन दोरीवर चादर टाकतेय, चातक उडू नये म्हणून दुसऱ्या टोकाला, अगदी हळू.

फई म्हणाली, "अगं, पावसात कपडे कोण वाळत घालतं?"

कोणीतरी मागून म्हणालं, "आणि बाकीच्या फोटोंत तरी कुठे ऊन आहे, फई?"

या वेळी कोणी हसलं नाही. मला वाटतं हॉलमधल्या प्रत्येक बाईला एकदमच समजलं. ऊन नसताना कपडे वाळत घालायला कोणी गच्चीवर येत नाही. पुरुषांना थोडा वेळ लागला.

मोटीबेन, तुला वाटेल यात माझा काय दोष, कोपऱ्यात जे आलं ते आलं. मीही चार दिवस सगळ्यांना हेच सांगत होतो. वजुभाईंना सांगितलं, मी पाखरं बघत होतो, कोपरा कोण बघतो?

अमीचं मोरबीला ठरत आलं होतं. टाइल्सचा कारखाना, मुलगा शिकलेला. संक्रांतीची उत्तरायण झाली की गोळधाणा, म्हणजे साखरपुडाच. कमुरत्यात शुभ काही करायचं नाही, म्हणून थांबले होते. आणि मोरबीला बातमी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. त्यांचा निरोप आला, बोलू, पण कमुरता संपू दे. म्हणजे मोडायचं असेल तरी चांगला दिवस बघून मोडणार. तोपर्यंत अमीच्या गच्चीवरची दोरी रिकामी. एक फडकंसुद्धा नाही.

मग हसुभाई स्टुडिओत आले. मी भांडायला तयार होऊन बसलो होतो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, सरांना जे बोललो त्यापायी कॉलेज गेलं, तसंच काही तोंडावर तयार होतं. पण ते ओरडलेच नाहीत. चहा घेतला, बशीत ओतून अर्धा प्यायले, आणि म्हणाले, "नैमिष, बेटा, सोळा तारखेला मोरबीचे लोक येताहेत. तू ये. चार माणसांत एवढंच सांग की फोटोतली बाई आमची कामवाली आहे. चेहरा कुठे दिसतोय? जुलैचा तर पाठमोराच आहे."

मी म्हटलं, "बाकीच्यांत दिसतो, काका."

"बाकीच्यांत ती कपडे वाळत घालतेय. त्यात काय? घरची पोर आहे. भानगड त्या पावसाच्या फोटोची आहे." मग त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे. बापूजींच्या वयाचा माणूस.

ते गेल्यावर वजुभाई म्हणाले, "हे बघ हिरो, निम्म्या समाजाची लग्नं हसुभाईंच्या शब्दावर आपल्याकडे येतात. ते म्हणतील तसं बोल. नसेल बोलायचं तर कॅमेरा टेबलावर ठेव आणि रस्ता धर. मजनू पोसायला मी दुकान नाही काढलं."

आता उत्तरायणचं. त्या दिवशी सगळं गाव गच्चीवर. मी स्टुडिओच्या गच्चीवर होतो. पतंग उडवत नव्हतो, मांज्यात अडकलेली दोन कबुतरं सोडवत होतो. हसुभाईंच्या गच्चीवर त्यांचे सगळे पाहुणे, उंधियोची पातेली, भोंगे लावलेले. अमी पहिल्यांदाच वर आली होती, फिरकी धरून. बारा दिवसांनी दिसली. बारीक झाली आहे. चारी बाजूंनी ‘काप्यो छे’ची ओरड चाललेली, शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येईना, आणि तेवढ्यात ती कठड्यापाशी येऊन माझ्याकडे बघत ओरडली,

"मी कामवाली आहे का रे?"

मी ओरडलो, "नाही."

"मग तसं बोलू नकोस."

"मी काय बोलू ते सांग."

"तुझं तू बोल. माझं मी बोलेन." तिने फिरकीला ढील दिली, पुन्हा वळली. "आणि तो फोटो लावायच्या आधी मला विचारलं होतंस?"

माझ्या हातात कबुतर होतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"वर्षभर कपडे पिळले मी. एक चादर पावसात तीनदा पिळली. तुला काही दिसलं की नाही, हेच मला कळेना. आणि तू सांगितलंस कोणाला? मुक्ताफईला." मग तिच्या मागे कोणाचा तरी पतंग कापला गेला, सगळे तिकडे नाचायला लागले, आणि ती गेली.

मोटीबेन, वर मी लिहिलं की मी कोपरा बघत नव्हतो. ते खोडत नाही, पण खरं नाही. पहिल्या दोन महिन्यांच्या फोटोंत ती गच्ची होती, दोरी नव्हती. मार्चमध्ये कुरव गेले, आणि मी तिकाटणं दोन वीत उजवीकडे सरकवलं. वजुभाईंना म्हटलं, मोबाइलचा टॉवर कापायचा आहे. टॉवर आजही फोटोत आहे. जुलैचा फोटो छापून हातात आला तेव्हाच चादर मला दिसली. फईच्या आधी, सगळ्या गावाच्या आधी मला कळलं होतं. रात्रभर झोपलो नाही, एवढा आनंद झाला होता. वजुभाई म्हणत होते, जुलैला बगळ्यांचा दुसरा फोटो लाव, तो स्वच्छ आहे. मी भांडून हाच लावला. मला वाटलं, गाव बघेल, मोरबी ऐकेल, आणि मला कोणापुढे तोंड उघडावं लागणार नाही. तुझा भाऊ प्राध्यापकाच्या अंगावर धावून जातो, आणि एका मुलीला दोन शब्द विचारायचे तर भिंतीवर फोटो टांगतो. यात तिचं काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिने मला चादर दाखवली होती. मी ती गावाला दाखवली.

तर आज सोळा. मोरबीची गाडी आली आहे, पाळीवर उभी आहे, मी मघाशी दूध आणायला गेलो तेव्हा पाहिली. कॅमेरा सकाळीच वजुभाईंच्या टेबलावर ठेवला, लेन्सा पुसून, बॅटऱ्या काढून. ते म्हणाले, "मूर्ख आहेस." मी म्हटलं, "हो." पहिल्यांदाच आमचं भांडण झालं नाही. जाता जाता म्हणाले, "संध्याकाळपर्यंत टेबलावरच राहील," आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी तिथे जाऊन सांगणार आहे की ती कामवाली नव्हे, अमीबेन आहेत. हो, बेनच म्हणेन, चार माणसं आहेत. तिकाटणं मी सरकवलं. फोटो मी लावला, न विचारता. चादरीचं मी काही बोलणार नाही. ती तिची आहे. तिने हो म्हटलं, मोरबीला जाते म्हटलं, कामवालीच होती म्हटलं, तरी मी मध्ये बोलणार नाही. तोंडावर ताबा कसा ठेवायचा ते तू सांगितलं असतंस, पण आता पत्र पोचून उत्तर यायला वेळ नाही. हसुभाई दोन ठेवून देतील कदाचित. देऊ देत. तू मात्र काही कळण्याआधी त्यांना फोन करू नकोस.

तलावावर आज कुरव खूप आहेत. अजून दोन महिने राहतील.

गॅस बंद केलाय. तुळशीला पाणी घातलंय, बाला सांग. पत्र आणि किल्ली रसिलाबेनकडे देतोय, उशीर झाला तर. बापूजींचा तो चॉकलेटी कोट घातलाय, बाह्या आखूड होतात. चपला सापडल्या. निघतो, दार लावून घेतो.

तुझा,
एक वर्ष वगळता अर्धवट,
नैमिष