‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणालेल्या सर्वांस

मी, खाली सही करणारी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, वय मतदार यादीत पाहून घ्यावे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. उलट बऱ्याच जणांनी ‘आत्ताच कशाला?’ म्हटले असताना. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा माझी मुलगी जिन्यावरून पडलेली नव्हती.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी मंगळवार म्हटले. शेजारच्या खुर्चीवरून माझी मुलगी जरा वेळाने म्हणाली, “बुध… बुधवार.” तिचे बरोबर होते. दाखला मात्र मला मिळाला. माझा वार चुकला की सगळे हसतात, तिचा चुकला की फायलीत नोंद होते. हा न्याय मला मान्य नाही, हे सुरुवातीलाच नमूद करते.

कलम १. राहता फ्लॅट

दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला. तो मी माझ्या मुलीला देते. तिच्या हयातीत तो विकला जाऊ नये. तिचा नवरा, म्हणजे माझा जावई, त्याला वाटेल तोवर इथे राहील. त्याला ‘तू अजून इथेच?’ असे विचारण्याचा हक्क कोणालाही नाही.

माझी मुलगी भूमिती शिकवत असे. या इमारतीतली निम्मी पोरे याच बैठकीच्या खोलीत प्रमेये घोकत मोठी झाली. आमच्या मजल्यावरच्या जिन्याचा कठडा हलत होता. एका संध्याकाळी तिने त्याला हात टेकला, तो सुटला आणि ती पायऱ्यांवरून खाली डोक्यावर पडली. मेंदूला मार बसला. बाहेरून टाकासुद्धा घालावा लागला नाही, म्हणून लोकांना वाटले फारसे लागले नाही. ती शुद्धीवर आली, उभी राहायला शिकली, चमचा धरायला शिकली. आज ती चालते, वाचते, सगळे समजते. शब्द मात्र उशिरा येतात, गोंगाट सोसत नाही, दुपार झाली की थकवा तिला आडवे पाडतो आणि कधीकधी राग अंगावर धावून येतो.

ती बेशुद्ध होती तेव्हा इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये बसायला जागा नव्हती, इतकी माणसे जमत. ती स्वतःच्या पायांनी घरी आली तेव्हा सगळ्यांनी “छान दिसतेस की!” म्हटले आणि सगळे आपापल्या घरी गेले. खरे काम त्या दिवशी सुरू झाले. पाहायला कोणी नव्हते.

कलम २. माझा मुलगा

तो दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. दर रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतो. मागे एकदा म्हणाला, “आई, जरा प्रॅक्टिकल विचार कर. फ्लॅट विकू, ताईला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू. भावोजींनाही मोकळं होता येईल.”

जावई तेव्हा मागे भांडी विसळत होता. तिथूनच म्हणाला, “त्याला म्हणावं, मी काय खुंटीला बांधलोय?”

माझी मुलगीही तिथेच होती. तिने भावाला उत्तर द्यायला तोंड उघडले. ते शब्द जुळेपर्यंत तो म्हणाला, “बरं, ठेवतो मी. काही लागलं तर सांग.” पडदा काळा झाला. ती त्या काळ्या पडद्याशी आपले वाक्य पूर्ण करत राहिली. ते मी इथे लिहीत नाही; ते त्याने तिलाच विचारावे.

निरोपसमारंभात ऑफिसने मला माझा जुना हेडफोन काचेच्या पेटीत घालून दिला होता. तो मी मुलाला देते. त्याची बोलण्याची बाजू मोडली आहे, ऐकण्याची शाबूत आहे. याव्यतिरिक्त त्याला काही नाही.

कलम ३. इमारतीचे सेक्रेटरी

माझ्या यजमानांची हत्यारांची पेटी, पान्यांसकट, मी सेक्रेटरींना देते. कठड्याबद्दल मी त्यांना लेखी कळवले होते, तोंडी कळवले होते, जिन्यात अडवून कळवले होते. “पुढच्या मीटिंगला घेऊ,” हे त्यांचे उत्तर. माझी मुलगी अपघातानंतर डोळे उघडायच्या आत कठडा दुरुस्त होऊन वर रंगसुद्धा लागला. म्हणजे करता येत होते.

ती घरी आल्यावर ते फळांची करंडी घेऊन आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, “काही लागलं तर सांगा हं. संकोच करू नका.”

माझी मुलगी म्हणाली, “लागलंय. डोक्याला.” मग थांबून, “तुमच्या… तुमच्या…”

“नशिबामुळे,” सेक्रेटरींनी हळहळत पुरवले.

तिने नकारार्थी मान हलवली. “क… कठड्यामुळे.”

ते पुन्हा वर आलेले नाहीत. करंडी परत न्यायलाही नाही. ती पेटीसोबत द्यावी.

कलम ४. सर्वसाधारण वाटप

आता बाकीच्यांचे. ज्यांनी ज्यांनी आमच्या दारात, जिन्यात, लिफ्टचे दार पायाने अडवून किंवा फोनवर ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हटले, त्या सर्वांना मी गृहीत धरले आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्हाला नुसते म्हणायचे म्हणून काही म्हणू देत नसत. तेव्हा तुम्ही विचारले होते आणि मी आता सांगते आहे.

संध्याकाळ लागते. जावई पूर्वी पोहायला जात असे. अपघातानंतर त्याने तलाव पाहिलेला नाही. सकाळी छापखान्यात, नंतर घरात. त्याचा टॉवेल दारामागे लटकून आहे आणि त्याच्याकडे पाहून मला रोज चीड येते. म्हणून माझ्या पश्चात माझ्या मुलीचा सांभाळ खालीलप्रमाणे व्हावा: वरील सर्वांनी पाळी ठरवून एकेक संध्याकाळ आमच्या घरी यावे, आणि जावयाने पोहायला जावे. तो ‘राहू दे हो’ म्हणेल. ऐकू नये.

येताना फळे आणू नयेत. मोठ्याने बोलू नये. तिला मार डोक्याला लागला, कानाला नव्हे. तिच्यासमोर जावयाला “ती चहा घेते का?” असे विचारू नये. तिला विचारावे. टीव्ही बंद ठेवावा. आपल्या ओळखीच्या कोणाची पुतणी अशीच पडून कशी खडखडीत बरी झाली, ती कथा सांगू नये. आणि तिचे वाक्य तिच्या तोंडातून काढून घेऊ नये. आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर दुसऱ्याच्या वाक्यात घुसणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभे करत. ही इमारत त्यांच्या ताब्यात असती, तर जिन्यात चालायला वाट उरली नसती.

मी सारी नोकरी लोकांना फोन जोडून देण्यात घालवली. तेव्हा दूरचा फोन लागायला वेळ लागे. नुसती खरखर ऐकू येई आणि अधीर माणूस फोन ठेवून देई, नेमका पलीकडून आवाज यायच्या बेतात असताना. मी घसा फोडून सांगायची, “ठेवू नका, लागतोय.” माझ्या मुलीशी बोलणाऱ्यांना मी तेच सांगते.

वकील म्हणाले, “बाई, मृत्युपत्राने माणसं वाटता येत नाहीत. या कलमाला कायद्यात काही अर्थ नाही.”

“वाचून तर दाखवता येईल ना?” मी विचारले.

“ते येईल.”

म्हणून आदेश देते, की हे मृत्युपत्र इमारतीच्या वार्षिक सभेत, चहा-बिस्किटांच्या आधी, अक्षर न गाळता वाचून दाखवावे. दार आतून लावून घ्यावे.

कलम ५. समोरची

समोरच्या दारातली बाई आणि मी चपलांच्या कपाटावरून कोर्टात जायच्या बेतात होतो. ते तिने आमच्या भिंतीला टेकवले आहे. तिचा आवाज कर्कश आहे, तिचे वागणे अघळपघळ आहे आणि ती दार न वाजवता आत येते. दुर्दैवाने या सबंध इमारतीत कामाची निघाली ती हीच, आणि हे लिहिताना माझा हात आनंदाने चाललेला नाही.

‘काही लागलं तर सांगा’ ती एकदाही म्हणाली नाही. एके दिवशी पत्त्यांचा जोड घेऊन आली, मुलीसमोर बसली आणि म्हणाली, “पिस गं. माझे हात दुखतात.” मुलीच्या हातून पत्ते सांडले. “उचल मग,” ती म्हणाली. मी आतून धावत येणार होते. जावयाने मला दारात धरले.

तेव्हापासून ती रोज येते. खेळताना फसवते. मुलीने एकदा तिचा हात धरला आणि पुष्कळ वेळ घेऊन म्हणाली, “च… चोर.”

“बोलता येतंय की!” समोरची खेकसली. “मग डाव तुझा. त्यात रडायचं काय?” रडत दोघीही होत्या.

चपलांच्या कपाटाखालच्या जागेवरचा माझा हक्क मी सोडते. कपाट तिथेच राहू द्यावे. दार मात्र वाजवावे.

कलम ६. किरकोळ

बँकेतली शिल्लक मुलीच्या बोलण्याच्या आणि चालण्याच्या व्यायामांसाठी वापरावी. ‘अजून किती दिवस?’ असा प्रश्न विचारून ते कोणी बंद करू नयेत. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी वर उल्लेखलेल्या वकिलांना नेमते. त्यांना कायदा येतो. थांबायला शिकत आहेत.

दुरुस्ती

सही करण्यापूर्वी हा मजकूर मी मुलीला वाचायला दिला. कलम चारमध्ये वकिलांनी सुचवलेला ‘सांभाळ’ हा शब्द होता. तिने त्यावर बोट ठेवले.

“हे नको.”

“मग काय लिहू?” वकिलांनी पेन उघडले. “देखभाल? देखरेख? संगोपन?”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पेन कागदावरून उचलले. ती खिडकीकडे बघत होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली आणि तिने डोळे मिटून घेतले, म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून. वकिलांचे डोळे घड्याळाकडे वळले. जावई ओला कप हातात धरून उभा होता.

“सोबत,” ती म्हणाली.

वकील लिहू लागले. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिचे संपले नव्हते.

“दोन्ही… दोन्हीकडून.”

तरी कलम चारमधील ‘मुलीचा सांभाळ’ हे शब्द खोडले असून तेथे ‘मुलीची सोबत, दोन्हीकडून’ असे वाचावे. ज्यांना अर्थ लागणार नाही, त्यांनी येऊन तिला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत बसावे. समासात मी आणि तिने आद्याक्षरे लिहिली आहेत. तिचे अक्षर माझ्यापेक्षा सरळ आले आहे.

लिहून देणार: सही

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. सही
२. तळमजल्यावरची दातांची डॉक्टर, माझ्या मुलीमुळे भूमितीत पास झालेली. सही करायला आली ती प्रथमच आली. दोघींना एकत्र बसवून मी बाहेर गेले. सही

स्थळ: जेवणाचे टेबल, खिडकीकडची बाजू

वार: शुक्रवार. मुलीला विचारून लिहिला आहे.