फिल्टर ठरेपर्यंत

२ एप्रिल २००४, शुक्रवार

माझ्या दुपारच्या झोपेची आज विधिवत हत्या झाली. मटणाचा रस्सा, ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पडदे ओढलेले, एसी तेवीसवर — सज्जन माणसाला सुट्टीच्या शुक्रवारी जे जे लागतं ते सगळं जमून आलं होतं. आणि पलीकडे हॉलमध्ये तो फिल्टर. गुर्रर्र — थांबला वाटतं — परत गुर्रर्र. अजीर्ण झालेल्या म्हाताऱ्यासारखा.

ही सहा फुटी काचेची टाकी जानेवारीत आली. वरच्या मजल्यावरचे मॅथ्यू कायमचे कोट्टायमला गेले. जाताना टाकी, तिचं स्टँड, फिल्टर आणि दोन थोराड ऑस्कर मासे अल्प किमतीत आमच्या गळ्यात. इथल्या घरातलं निम्मं सामान कुणाच्या ना कुणाच्या जाण्यातून आलेलं असतं. सोफा लखनौवाल्यांचा, कपाट एका नर्सबाईंचं. आम्हीही काही घेतलं की आधी विचारतो, जाताना विकलं जाईल का? इथे आखातात, घुब्रात राहून बारा वर्षं झाली, भिंतीत खिळा ठोकलेला नाही.

मासे दोन, म्हणून मी त्यांना अश्विनौ म्हणतो. संस्कृत शिकलेल्या माणसाला द्विवचन वापरायची संधी आयुष्यात फारशी मिळत नाही, मिळाली की सोडू नये. प्रणालीला हे नाव मुळीच मंजूर नाही. "बाबा, दे आर ऑस्कर्स." सुलोचना नुसतं "ते मासे" म्हणते, तेही मच्छीबाजारात उभं राहिल्यासारखं.

झोप मोडल्यावर तणतणत बाहेर आलो. प्रणाली टाकीसमोर मांडी घालून बसलेली. मी एवढंच विचारलं, हा का ओरडतोय. तर म्हणाली, "छोटा आहे तो, बाबा. टाकी मोठी आहे आणि हे फिश खूप घाण करतात. तो दमलाय. नवा घ्यायला लागेल." आणि मग समजावत बसली. पाणी कसं ओढलं जातं, कचरा कुठे अडतो, न दिसणारी घाण कोण खातं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, हातवारे पूर्ण.

ही माझी मुलगी. बारावीची परीक्षा आत्ता संपली. गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे दोनच उत्तरं होती — "ओके" आणि "हं". जुलैत ती इंजिनियरिंगला पुण्याला जाणार, तेव्हा मासे माझ्या ताब्यात. म्हणून फिल्टर त्याआधी ठरायला हवा, असं तिचं म्हणणं.

ऐकत राहिलो. झोपेचं विसरलो.

९ एप्रिल, शुक्रवार

अल खौदला हुसेनभाईंच्या दुकानात. हुसेनभाई दापोलीकडचे. पक्षी, मांजरांचं खाणं, मासे आणि सल्ले, सगळं एका छपराखाली.

"साहेब, तीन रस्ते. एक, तुमचा हाय तसलाच, मोठा, पाठीवर लटकवायचा. दोन, डबा. खाली कपाटात ठेवा, नळ्या वर सोडा, आवाज नाय. तीन, खाली दुसरी टाकी. वरचं पानी खाली, खालचं वर. त्याला काचेला भोक पाडायला लागंल."

प्रणालीचे डोळे तिसऱ्या रस्त्यावर. सुलोचनाने विचारलं, "भोक पाडलेली टाकी आपण जाताना कोण घेणार?" विषय तिथेच आटोपला असता. पण मी विचारलं, "आणि लाईट गेली तर?" इथे लाईट वर्षातून एकदा जाते, तीही माफी मागून. तरी प्रणालीने गाडीत मागच्या सीटवरून, पुढे वाकून, सगळं सांगितलं. मी रस्ते बांधणारा माणूस. पाण्याने रस्त्यावरून मुकाट वाहून जावं, एवढीच आमची त्याच्याकडून अपेक्षा. मला निम्मं कळलं नाही. गाडी अशी सावकाश चालवली की मागचे हॉर्न मारून थकले.

१४ एप्रिल, बुधवार

बाबासाहेबांची जयंती. पहाटे वंदना, मग सुलोचनाची खीर. संध्याकाळी फिल्टरवर चर्चा. निर्णय नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार

दुकानात तिसरी खेप. हुसेनभाई काउंटरवर कोपरं टेकून म्हणाले, "साहेब, तुमी फिल्टर घेताय का पोरीचं लगीन जमवताय? यवढी चौकशी आमी नवऱ्याची पन करत नाय."

"नवरा बिघडला तर वॉरंटी असते का, हुसेनभाई?"

"नसते म्हणून तर करत नाय. काय उपेग?"

प्रणाली हसली. मोठ्याने. दुकानातले पोपट दचकले.

आता घरी रोजचा क्रम ठरलाय. संध्याकाळचा चहा, टाकीसमोर बैठक. मी पूर्वपक्ष मांडायचा, तिने खोडायचा. डब्याच्या नळ्या गळल्या तर? लटकणारा निसटला तर? दोन्ही जोडले तर? माझे आक्षेप दिवसेंदिवस निर्बुद्ध होत चाललेत. ती खोडते मात्र मन लावून.

आज मेथी निवडता निवडता सुलोचना म्हणाली, "तुम्हाला फिल्टर नकोच आहे."

"असं कसं? एवढा अभ्यास चाललाय."

"ठरला की ही परत खोलीत जाऊन दार लावून घेईल. म्हणून ठरत नाहीये." आणि देठं माझ्याकडच्या वर्तमानपत्रावर टाकली. "हा कागद द्या इकडे. वाचत तर नाहीच आहात."

दिला.

मला दादा, माझे वडील, आठवले. भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी, रेल्वे इंजिनांवरचे मदतनीस कामगार. मला आठवीत संस्कृत घ्यायला लावलं त्यांनीच. "आपल्याला शिकू देत नव्हते ना? मग तू तेच शीक." वर्गात कुलकर्णी-जोशांच्या पोरांमध्ये मी एकटा. घरी संध्याकाळी दादा तेलकट हात राखेने घासून यायचे, खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, "म्हण." मी शब्दरूपं म्हणायचो. वनम् वने वनानि. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायचे आणि ठेका चुकला की — "परत." दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही. अभ्यास, पैसे, माझं पुढे काय व्हावं, काहीच नाही. नुसतं "म्हण" आणि "परत".

बाहेर यार्डात शंटिंगचे आवाज. राखेचा वास. ती रूपं अजून पाठ आहेत, आणि त्यांच्यामागे तो ठेकाही.

७ मे, शुक्रवार

इब्रीच्या साइटवरून आलो. तीन दिवस धूळ आणि अर्बाबची, म्हणजे मालकाची, कटकट. इब्रीच्या बाजारात एका दुकानात प्लास्टिकचं कासव मिळालं, टाकीत सोडलं की तोंडातून बुडबुडे काढतं. घेऊन आलो.

"बाबा, प्लीज." एवढंच बोलली. कासव सध्या टीव्हीवर आहे.

२८ मे, शुक्रवार

निकाल लागला. गणितात उत्तम, रसायनात जेमतेम. फ्रेंचमध्ये पंच्याण्णव! नववीत संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं तेव्हा मी घरात दोन दिवस सुतकात असल्यासारखा बसलो होतो. आज पेढे वाटले.

पुण्याला प्रवेशाची खटपट तिचा मामा बघणार. अठरा जुलैचं तिकीट काढलं. जायचंच. पुणे तिने सुट्टीतलं पाहिलंय, पंधरा दिवसांचं, मामाच्या स्कूटरवरचं.

रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, आता फिल्टर ठरवू या. खरंच." म्हटलं, ठरवू.

११ जून, शुक्रवार

करू नये ते केलं.

जुना फिल्टर बंद पडायला आला होता. मनात म्हटलं, हा साफ केला तर अजून महिनाभर रेटेल. म्हणजे निर्णय महिनाभर पुढे. प्रणाली मैत्रिणीकडे निरोपाच्या जेवणाला गेलेली. फिल्टर उघडला, आतला स्पंज नळाखाली धरून खसखसा घासला, चांगला पांढरा केला. मग त्याच नळाचं पाणी बादल्या भरभरून टाकीत ओतलं. उत्साह असा की जणू अंगणात सडा घालतोय.

नळ निळा. जून महिना. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भाजून निघालेलं. इथे प्रत्येक घराला ठाऊक आहे, मला बारा वर्षं ठाऊक आहे — उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा आणि त्यात साठून निवलेलं पाणी लाल नळातून घ्यायचं. थंड पाणी लाल नळाला, चटका निळ्याला. आंघोळीला मी रोज बरोबर लाल नळ सोडतो. पण डोक्यात कुठेतरी भुसावळचाच नळ. निळा म्हणजे थंड.

बादली हाताला गरम लागली. तरी ओतली. मासे पाण्यातले, त्यांना काय होतंय, असं वाटलं.

दोघेही वर आले. तोंडं पृष्ठभागाला लावून उघडझाप करायला लागले. तेवढ्यात प्रणाली दारात.

"बाबा, तू काय केलंस!" रागात अरे-तुरेवर आली. मग पळापळ. लाल नळाच्या बादल्या, फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत सोडलेल्या. सुलोचना बादल्या भरत होती, मी पुसत होतो, कुणी मला काही सांगत नव्हतं. मग प्रणाली ओल्या फरशीवर बसली आणि बोलली. स्पंजमध्येच ते जिवाणू राहतात, घाण खाणारे. वर्षभर जमलेले. मी ते धुऊन, उकडून टाकले. आता पुढचे काही दिवस पाणी गढूळ होणार, आणि मासे जगतील की नाही सांगता येत नाही. सगळं मराठीत बोलली. अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत. मला नीट कळावं म्हणून.

शेवटी म्हणाली, "मी गेल्यावर कोण बघणार?"

मी फडका बादलीत पिळला आणि परत फरशी पुसायला लागलो.

१३ जून, रविवार

धाकटा मासा तळाशी पडून आहे. मोठा त्याच्याजवळून हलत नाही. प्रणाली रोज थोडं थोडं पाणी बदलते. मला नळाजवळ जाऊ देत नाहीत. निळ्या नळावर सुलोचनाच्या नेलपॉलिशने मोठी फुली मारून ठेवलीय.

१८ जून, शुक्रवार

धाकट्याने आज खाल्लं.

ताबडतोब अल खौद. वाटेत प्रणालीने विचारलं, "आज ऑब्जेक्शन नाही?" म्हटलं, नाही. आरशात बघून जराशी हसली. म्हणजे तिलाही माहीत होतं तर.

डबा घेतला. तिसऱ्या रस्त्याचं तिने नावही काढलं नाही. हुसेनभाईंना म्हणाली, "अंकल, जो बाबांना रोज उघडायला लागणार नाही, तो." हुसेनभाईंनी माझ्याकडे बघत डबा पुसला. "साहेब, खलास. लगीन जमलं."

तिने दुपारभर खपून जोडला. कपाटाचं दार लावलं. आवाज शून्य.

२५ जून, शुक्रवार

दुपारी झोप आली नाही. फारच शांतता.

१८ जुलै, रविवार

सीबच्या विमानतळावर सोडून आलो. सुलोचना बरोबर गेलीय, आठवड्याभराने परतेल. प्रणाली आत जाताना वळून म्हणाली, "लाल नळ, बाबा." मी म्हटलं, "लाल नळ." एवढाच निरोप.

घरी येऊन टाकीसमोर बसलो.

मला औरंगाबादच्या हॉस्टेलवर सोडायला दादा आले होते. ट्रंक ठेवली, खोलीच्या खिडकीची कडी लागते का पाहिलं आणि गेले. मला तिथे मुळीच करमेना. खोलीतल्या मुलांच्या गप्पांमध्ये मला जागा नव्हती, मेसमध्ये कुणी शेजारी बसेना. घरी हे लिहायचं कसं? एक पोस्टकार्ड घेतलं आणि कडेकडेपर्यंत नुसती रूपं लिहिली. वनम् वने वनानि. खाली सही.

कार्ड पोचलं असेल-नसेल, तर दादा खोलीच्या दारात. हातात चिवड्याचा डबा. "शेडला सुट्टी होती," म्हणाले. शेडला कसली सुट्टी! खाटेवर बसले. "म्हण." मी म्हटलं. रात्रीच्या गाडीने परत गेले. कसे काय आलात, हे मी विचारलं नाही. त्यांनाही सांगता आलं असतं, असं वाटत नाही.

३० जुलै, शुक्रवार

मी कॉलिंग कार्डावरून पुण्याला फोन लावला. "बाबा, फिल्टर?" "चालू." "फिश?" "मजेत." "ओके. आईला दे."

जुनं राज्य परत आलं. सुलोचनाला म्हटलं, चांगल्या यंत्राचा हा तोटा. बिघडत नाही.

६ ऑगस्ट, शुक्रवार

मी लावायच्या आधी तिचाच फोन आला, बूथवरून.

"बाबा, अश्विनौ कसे आहेत?"

अश्विनौ म्हणाली.

मोठा नीट खातो का. धाकटा अजून काचेला तोंड लावून बसतो का. नळीत हवा धरत नाही ना. डब्याला हात लावला तर गरम लागतो का. नळावरची फुली पुसली तर नाही ना. मग परत मोठ्याचं खाणं. बूथचं मीटर पळत असणार. कॉलेजचं काही नाही, कुणा मैत्रिणीचं नाव नाही, आईला दे म्हणाली नाही. मी एकेक सगळं सांगितलं, सावकाश.

पोर तिथे एकटी पडली आहे, अशी मला भीती वाटते.