साहेब येणार म्हणून

आप्पा, येत्या रविवारी माझी परीक्षा आहे. आग लागली, पाणी शिरलं की विमा कंपनीकडून नासाडी बघायला जो माणूस येतो, तो सर्व्हेअर व्हायची. हो, तोच माणूस, ज्याच्यासाठी तुम्ही अख्खं घर कामाला लावलं होतं. पन्नाशीला टेकलेली बाई कसली परीक्षा देते म्हणून निपाणीत लोक हसतात. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, फक्त पाहुणे गेल्यावर. चारचौघांत तुम्ही नमस्कार सोडून दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि उशीएवढं जाड. कुकर लावला की शेजारीच ते उघडून बसते. समोरच्या वखारीतला तंबाखूचा उग्र वास खिडकीतून येतो, त्यामुळे झोप लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग. आगीच्या प्रकरणातला एक प्रश्न हमखास विचारतात म्हणे: नुकसान झाल्यावर विमा घेणाऱ्यानं काय करावं? उत्तर असं की आग विझवावी, वाचेल तेवढा माल वाचवावा, कंपनीला कळवावं, आणि जळालेलं जे आहे ते सर्व्हेअर बघेपर्यंत जागचं हलवू नये. हे शेवटचं मला पाठ करावं लागलं नाही. समासात मी पेन्सिलीनं फक्त ‘आप्पा’ लिहून ठेवलंय.

वडगावातली आपली मागाची शेड. मीटरच्या पेटीतून ठिणगी पडली आणि खालच्या सुताच्या पोत्यानं पेट घेतला. गल्लीतल्या लोकांनी घागरी ओतून आग विझवली, तोवर एक माग, त्यावरची अर्धी विणलेली साडी आणि कपाटातल्या तयार साड्यांचा ढीग गेला होता. बँकेनं कर्ज देताना बळेच विमा उतरवायला लावला होता, म्हणून तुम्ही कळवलंत, इथपर्यंत पुस्तकाप्रमाणं झालं. मग निरोप आला की सर्व्हेअर येणार, आणि तुमच्या अंगात पाहुणचार संचारला. जळकं कापड घरात ठेवू नये, तुम्ही म्हणालात, आणि साड्यांची गाठोडी बांधून नाल्याकडं रवाना झाली. आई फरशी घासतेय, मी काजळी खरवडतेय, तुम्ही भिंतीला चुना मारताय. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. मी म्हटलं, आप्पा, जळालेलं बघायलाच तर येणारेत ते. तुम्ही हातातला कुंचला खाली ठेवलात. “सायेब येणार हाय. असल्या घाणीत बसवायचं व्हय गं त्यास्नी? शिकलीस ती हीच रीत?” आणि मला दारात रांगोळी काढायला लावलीत. मी काढली. ठिपके चुकवून काढली, पण काढली.

साहेब आले तेव्हा शेडला चुन्याचा आणि कांदेपोह्यांचा वास होता. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, काळ्या पडलेल्या मागावरून बोट फिरवलं. तोसुद्धा तुम्ही तेलानं पुसून ठेवला होता. बाकी काय काय जळलं, त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, लई गेलं सायेब, काय सांगू. कुठाय ते? तुम्ही हात जोडलेत. वर निघताना त्यांच्या बायकोसाठी म्हणून एक कोरी साडी घडी करून दिलीत, आईनं माझ्या लग्नासाठी बाजूला काढलेली, जांभळ्या काठाची. जे जळलं ते तुम्ही फेकून दिलंत, जे वाचलं ते त्याच्या हातात ठेवलंत. त्यानं अहवालात काय लिहावं अशी तुमची अपेक्षा होती? ‘देवमाणूस हाय, समजून घेईल,’ असं तुम्ही आठवडाभर म्हणत होता. त्यानं समजून घेतलंच की. नुकसान किरकोळ, माल शिल्लक, असं समजून घेतलं.

उरलेला माग विकला गेला. तुम्ही दुसऱ्याच्या शेडवर कामाला लागलात आणि तिथल्या मालकालाही नमस्कार घालायला लागलात. माझं पॉलिटेक्निक सुटलं आणि मी लग्न होऊन निपाणीला आले. तुमच्या तेराव्याला सगळे सांगत होते की काय साधा माणूस होता. मी पंक्तीत भात वाढत राहिले. तुमचा साधेपणा आम्हाला परवडण्यातला नव्हता, आप्पा.

परीक्षेबरोबर हाताखालचं शिक्षणही लागतं, म्हणून वर्षभर मी बेळगावच्या एका जुन्या सर्व्हेअर सरांबरोबर फिरतेय. मध्ये एका म्हातारीच्या तंबाखूच्या वखारीत गेलो. पत्रे उडून पावसात माल कुजला, असा तिचा अर्ज होता. जाऊन बघतो तर जमीन झाडलेली, सडा टाकलेला, चटई अंथरलेली, तांब्यात पाणी. सर माझ्या कानात म्हणाले, इथं काहीच दिसत नाही, काय लिहायचं? माझ्या डोक्यात अशी सणक गेली की त्या म्हातारीला धरून हलवावं. ती तुमच्यासारखेच हात जोडून उभी होती.

“मावशी, उकिरडा कुठाय?” मी विचारलं.

“तिकडं कशाला बाई? घाण हाय लई.”

घाणच होती. मागं पोत्यांखाली काळा, बुरशी धरलेला तंबाखू गुडघ्याएवढा साठला होता. सरांनी फोटो काढले, मोजमाप घेतलं. परत येताना त्यांनी विचारलं, तुला कसं गं सुचलं? मी म्हटलं, आमच्या घरी शिकवलंय.

म्हणजे आता सगळं फिटलं असं समजू नका. माझा राग जागचा हललेला नाही, पुस्तकात सांगितल्याप्रमाणं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही ते डोक्याला लावून देव्हाऱ्यात ठेवलं असतं, न वाचता.

पण एक सांगून टाकते. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्याची टाकी फुटली आणि आमचं स्वयंपाकघर बुडालं. पीठ, डाळी, कोपऱ्यातली गादी, सगळं. घराचा विमा मीच हट्टानं उतरवला होता. कंपनीनं बघायला नेमके आमच्याच सरांना पाठवलं. ते दारात थांबले. लखलखीत फरशी बघितली, पुसून पालथे घातलेले डबे बघितले, ओट्यावर झाकलेल्या पोह्यांकडं बघितलं. मग चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, “बाई, उकिरडा कुठाय?”

मी त्यांना मागच्या दारानं भिजलेल्या ढिगाकडं घेऊन गेले. जाता जाता दारातल्या चपला त्यांच्यासाठी पायानं सरळ केल्या, आप्पा.