मधलं पार्टिशन

३ मार्च, सोमवार

अकरा ड्रॉइंग गेली! वाचनालयाच्या कपाटांची, सगळ्या मापांसकट. गुरुवार ते शनिवार मान मोडून काढलेली. मापांचा कागदही मी टाकून दिला — कॉम्प्युटरमध्ये आहे ना, म्हणून.

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच. दादा विंडोजवर कापायचं मशीन चालवतो, मी लिनक्सवर ड्रॉइंग काढते. मधलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा मधला भाग, दोघांचं; फायली सगळ्या तिथं. तीन दिवस दादा बाहेर फिटिंगला होता, मी कॉम्प्युटर बंदसुद्धा केला नाही. शनिवारी बंद करून गेले. रविवारी दादा बसला. आज बघते तर ‘वाचनालय’ फोल्डरच नाही. मग काय भुतानं पुसलं?

४ मार्च

दादा म्हणतो, “मला तिथं तसलं फोल्डर दिसलंच नाही.” इतक्या शांतपणे! चोर तो चोर, वर शिरजोर. कारागिरांसमोरच सुनावलं — माझं काम म्हणजे तुला रद्दी वाटते. त्यानं रंधा पुसला, जागेवर ठेवला आणि बाहेर गेला.

शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग दिली नाहीत तर वाचनालयवाले काम दुसऱ्याला देणार.

५ मार्च

आज मलाच विचारतो, “गुरुवारी ते पार्टिशन जोडलं होतंस का?”

लिनक्समध्ये ते एका रिकाम्या फोल्डरावर जोडावं लागतं; नऊ वर्षं रोज सकाळी जोडतेय, हातानं, एक ओळ टाईप करून! वर्षभर त्याची एकच कटकट — कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप जोडलं जाईल असं करून ठेव, एखाद दिवस विसरशील. काय लिहायचं तेही चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलं होतं. मी फाडून टाकलं. माझा कॉम्प्युटर मला कळतो.

वेगळं व्हायचं. बोलून टाकलं. त्यानं कारखान्याची किल्ली टेबलावर ठेवली.

आईला फोन केला. “भांड्याला भांडं लागतंच गं,” म्हणे. लागू दे. मला नकोय हा संसार.

६ मार्च

दादा आला नाही. पळपुटा.

आठवून आठवून चार ड्रॉइंग काढली. एकाही मापावर विश्वास नाही. रडू आलं, रागानं.

७ मार्च, सकाळ

आज ती आपोआप जोडायची ओळ घालतेच, कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या फाईलमध्ये. मग बघू कोणाकडे बोट दाखवतो. पहिल्यांदा एक अक्षर चुकलं, कॉम्प्युटर सुरू होताना अर्ध्यात अडकला. शिव्या घालत निस्तरलं. मदतीच्या पानावर लिहिलंय — जिथं पार्टिशन जोडायचं ते फोल्डर रिकामं आहे का, हे आधी बघा. असणारच रिकामं. तरी बघते.

७ मार्च, दुपार

पार्टिशन सोडवलं, फोल्डर उघडलं. खाली ‘वाचनालय’. अकराच्या अकरा.

गुरुवारी सकाळी वीज ये-जा करत होती. त्या गडबडीत मी जोडलंच नाही, आणि तीन दिवस त्या रिकाम्या फोल्डरातच काम ठेवत बसले. सोमवारी जोडलं तेव्हा पार्टिशन त्याच फोल्डरावर बसलं आणि ते सगळं खाली झाकलं गेलं. दादाला दिसणार कुठून?

त्याला तीनदा फोन लावला. चौथ्यांदा वहिनीनं उचलला. “फोन घरीच विसरलेत,” म्हणाली. “वाचनालयात आहेत. कपाटांची मापं पुन्हा घेतायत, कालपासून.”