वॉशिंग मशीनच्या जागी टॅम्सिन

वॉलारू,
१२ डिसेंबर

प्रिय ग्वेनताई,

धाकट्या ब्रेंटनचा नमस्कार. तू बरी असशील, दाजींचा खोकला थांबला असेल आणि होबार्टला अजून स्वेटर घालावा लागत असेल असं धरून चालतो. (लागत असेल तर कृपा करून कळवू नकोस. इथे गेल्या शुक्रवारी एक्केचाळीस अंश होतं, आणि ऐकवत नाही.) फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. आमच्या घरात स्वयंपाकघरातलं बोलणं कपडे वाळत घालणाऱ्यालाही ऐकू जातं, आणि खालच्या मजकुरातलं काही नॅरेलच्या कानावर जाऊन चालणार नाही.

तर ताई, आम्ही नवी कॅरव्हॅन ऑर्डर केली. जुनी तंबूची ट्रेलर ईस्टरला गेली, हे तुला माहीत आहेच. काय झालं ते मात्र मी तुला नीटसं सांगितलं नव्हतं. भल्या पहाटे समुद्रावरून वारा सुटला आणि छत उभं फाटलं. जुळ्या मेरिन आणि लोवेन (नऊ पूर्ण, अक्कल अपूर्ण) आनंदाने किंचाळत पावसात पळाल्या. थोरली टॅम्सिन ओलं ब्लँकेट गुंडाळून गाडीत जाऊन बसली, ती थेट घरी येऊनच उतरली. "ही माझी शेवटची ट्रिप," ती म्हणाली. "मी परत तुमच्याबरोबर येणार नाही. पाहिजे तर लिहून घ्या." आता मी पडलो सरळ माणूस. मी लिहून घेतलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

कॅरव्हॅनची ऑर्डर द्यायची म्हणजे दुकानातून फ्रिज आणण्यासारखं असेल अशी माझी समजूत होती. तसं नसतं. ॲडलेडच्या उत्तरेला ते मोठं आवार आहे, तिथे मिसेस वुकोविच नावाच्या बाई समोर कोरा नकाशा ठेवतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि तुमच्या संसाराबद्दल असे प्रश्न विचारतात की पाद्रीही विचारणार नाही. कोण किती वाजता उठतं? कोण कोणाशेजारी झोपू शकत नाही? शेवटी प्रश्न आला, मुलांचे बर्थ दोन की तीन? दोनच घेतले तर तिसऱ्याच्या जागी वॉशिंग मशीन बसतं. मी मनात हिशेब केला. टॅम्सिन सतरा वर्षांची, मार्चपासून ॲडलेडला इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला जाणार, आणि तिचा नकार तर माझ्याकडे लेखी. मी म्हणालो, दोन. नॅरेल एवढंच म्हणाली, "बघ बाबा तू." (एकोणीस वर्षांच्या संसारात या तीन शब्दांनंतर काहीही चांगलं घडलेलं नाही. तरी मी सही केली.) पुढच्या शुक्रवारी चारपर्यंत बदल चालेल, बाईंनी बजावलं, पण दोघांपैकी कोणीतरी इथे येऊन सही करायची. चारनंतर कारखाना सांगाडा कापायला घेतो. मग देव आला तरी नाही.

घरी येऊन मी तो नकाशा हौसेने फ्रिजवर लावला, चौकोनाचौकोनात बाईंनी नावं घातलेला. आई-बाबा. मेरिन. लोवेन. वॉशिंग मशीन. सोमवारी टॅम्सिन दूध काढायला फ्रिजपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. दूध हातात, दार उघडं. "अच्छा," म्हणाली. बस. दार तिने इतकं हळू लावलं की आवाजही आला नाही. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी सभ्यपणे वागली. ताई, तुला मूल नाही म्हणून सांगतो, आदळआपट परवडते. आमच्या टॅम्सिनने "मीठ देता का, प्लीज" म्हटलं तेव्हा जुळ्यासुद्धा चमचे खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. जन्मापासून मला अरेतुरे करणारी मुलगी, आणि "देता का"! नॅरेल ताटातून मान वर करेना. जेवताना घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, आणि खरं सांगतो, ते घड्याळ एवढा आवाज करतं हे मला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी कामावरून आलो तर ती शेडमध्ये जुनी ट्रेलर धूत होती. विकत घेणारा शनिवारी येणार होता. मी उगाच पाना शोधल्यासारखं करत उभा राहिलो.

"सुट्टी मिळाली आणि मी आले," ती पाठ न वळवता म्हणाली, "तर मी झोपायचं कुठे?"

"पण तूच म्हणालीस ना, येणार नाही म्हणून?"

"रागात म्हणाले होते, बाबा. तुम्ही तर लगेच कारखान्याला कळवलंत."

एवढं बोलून तिने नळ मोठा सोडला. मी तो पाना हातात घेऊन घरात आलो. बराच वेळ माझ्या लक्षात आलं नाही की तो पाना नव्हता, बागेतली कात्री होती.

शुक्रवार. गव्हाच्या हंगामाचे दिवस, मी कामाला आहे त्या धान्याच्या सायलोबाहेर ट्रकची रांग पार गावापर्यंत. साहेबांना म्हटलं, दाढ दुखते. (ती दाढ मागच्याच महिन्यात काढली हे त्यांना माहीत होतं, पण माझा चेहरा बघून सोडलं बिचाऱ्यांनी.) निघायला दीड वाजला. दीडशे किलोमीटर म्हणजे वेळच वेळ, असं वाटलं. कुल्पाराच्या अलीकडे पुढ्यात कापणीचं यंत्र आलं, रस्त्याएवढं रुंद, बैलगाडीच्या चालीचं. अर्धा तास मी त्याच्या मागे. त्या सरपटण्यात माझ्या पिकअप ट्रकचा तापमानाचा काटा चढायला लागला. थांबलो तर चार वाजून जाणार, चाललो तर इंजिन जाणार. त्यावर उपाय एकच, आतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची आग आपल्या अंगावर येते. ताई, बाहेर एक्केचाळीस आणि मी हीटर लावून पोर्ट वेकफील्ड ओलांडलं. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या एका आजीबाईंनी माझ्याकडे बघून छातीवर क्रुसाची खूण केली. काटा लाल रेघेवर थरथरत होता, वर नाही, खाली नाही, आणि मी त्याच्याशी मोठ्याने बोलत होतो. आयुष्यात कोणाची एवढी विनवणी केली नाही, नॅरेलला मागणी घालतानासुद्धा नाही.

चारला चार मिनिटं असताना मी आवारात शिरलो. घशातून शब्द फुटेना. मिसेस वुकोविचना वाटलं, हा आता जातो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायला धावल्या. मी तीन बोटं वर करून नाचवत होतो. "तीन काय? तीन झटके आले?" मग मी नकाशाकडे बोट दाखवलं. "वॉशिंग... काढा... मुलगी... घाला." बाई शहाण्या. फोन ठेवला, कागदावर लिहिलं, 'एक बर्थ वाढवा', माझी सही घेतली (ती सही आहे असं त्या म्हणाल्या) आणि कागद कारखान्याला धाडला. चारला एक मिनिट होतं.

संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं. टॅम्सिन उठली, फ्रिजवरच्या नकाशात 'वॉशिंग मशीन' खोडलं आणि आपलं नाव लिहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण मी खालच्याच बर्थवर झोपणार. आणि तू आंघोळ कर, घाणेरडा वास येतोय." मला पुन्हा 'तू' म्हणाली, ताई! मला भरून आलं. नॅरेलही डोळे पुसत होती. मी म्हटलं, नवऱ्याचा अभिमान दाटला असेल.

असो. अशी आमची ऑर्डर सुखरूप पार पडली. दाजींना नमस्कार.

तुझा,
ब्रेंटन

ता. क. १. सुखरूप म्हणालो, ते तितकंसं खरं नाही. काल कारखान्याचा पक्का नकाशा आला. त्यात मुलांचे बर्थ चार आहेत. शुक्रवारी सकाळी नॅरेल "आईकडे गॉलरला जाऊन येते" म्हणून गेली होती, ती त्याच आवारात काउंटरवरच्या दुसऱ्या बाईंकडे 'एक बर्थ वाढवा' लिहून आली होती. कारखान्याने दोन्ही कागद मानले; त्यांच्या प्रती नकाशासोबत होत्या, त्या मी लपवल्या. कपड्यांचं कपाट गेलं. सांगाडा कापून झालाय. त्या संध्याकाळी मी ताठ मानेने सगळं सांगत होतो तेव्हा तिने अवाक्षर काढलं नाही, माझा दिवस माझ्याकडेच राहू दिला.

ता. क. २. तर आता मुद्द्याचं. नकाशा बघून मुलींनी विचारलं, चौथा कोणाचा? नॅरेल लालबुंद झाली. तिला वाचवायला मी पटकन बोलून गेलो, "ग्वेनआत्याचा. आमच्याबरोबर यायला किती वर्षं मागे लागली आहे ती!" मुली नाचल्या. तुला तंबू, वाळू आणि सार्वजनिक संडास यांचा तिटकारा आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी कृपा करून तू किती वर्षं मागे लागली आहेस ते एक कार्ड पाठवून कळव. कॅरव्हॅन सप्टेंबरच्या सुट्टीपर्यंत येईल. आणि ती त्या आवारात जाऊन आली हे मला माहीत नाही असं नॅरेलला वाटतंय, तेव्हा जपून.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता कळलं, टॅम्सिनच्या मालकाने सांगितलंय, पहिल्या वर्षी सप्टेंबरात सुट्टी नाही. म्हणजे खालचा बर्थ तूच घे. ती चालेल म्हणाली. फक्त नकाशावरचं तिचं नाव खोडायचं नाही, असं तुला लिहायला सांगितलंय.